राखेचा बुधवार आणि कपाळीचं कुंकू

मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात त्या दिवशी ओळखपत्राशी न जोडलेले मोबाइल नंबर संध्याकाळपासून बंद होणार होते. सुलभाताई टिपणीसांचे यजमान इस्पितळात होते आणि डॉक्टरांचा फोन त्याच नंबरवर यायचा होता.

फोनच्या दुकानातले मॅनेजर डॉन एव्हारिस्तो यांनी ताईंचं परदेशी रहिवाशाचं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "फोटोत कपाळ मोकळं आहे, बाई. इथे लाल खूण दिसते. चेहरा जुळत नाही. ती पुसा, नाहीतर नोंदणी विसरा."

कार्डाचा फोटो काढताना ताईंनी निमूटपणे टिकली काढली होती. पण आज, यजमान असे पडून असताना, कुंकू पुसायचं? देवाचं नाव घेऊन त्यांनी मान वर केली. तो ख्रिस्ती उपवासांच्या आरंभीचा राखेचा बुधवार होता. सकाळी पाद्रीबाबांनी लावलेला राखेचा क्रूस मॅनेजरसाहेबांच्या कपाळावर तसाच होता.

ताई मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये शांतपणे म्हणाल्या, "पुसते, साहेब. पण आधी तुम्ही पुसा. तुमच्या गळ्यातल्या कार्डावरही कपाळ मोकळंच आहे."

साहेबांचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. "ही देवाची राख आहे, बाई."

"हेही देवापुढे बसूनच लावलंय."

डॉन एव्हारिस्तोंनी कुंकवासकट फोटो काढला, नंबर जोडून दिला आणि हलक्या आवाजात विचारलं, "यजमानांचं नाव काय? संध्याकाळी प्रार्थनेत घेईन."

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी न घेतलेल्या ताईंनी ते स्पष्ट सांगितलं. आणि साहेबांच्या नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.