सुताराने न ओळखलेला ऐन

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक सुतार राहत असे. हाती आलेले लाकूड कोणते, हे तो डोळे मिटून सांगे. करवतीखालचा भुसा हुंगला, की म्हणे, "हा साग." फळीवर बोट वाजवले, की म्हणे, "हे शिसव."

त्याला लाकूड पुरवी तो एक लाकूडतोड्या. त्याने ओंडका अंगणात उतरवला, की सुतार कपाळाला आठ्या घालून ठरलेले वाक्य बोले, "इथं गाठ आहे!" लाकूडतोड्या हसून घाम पुसे आणि निघून जाई. तो ओंडका त्याने कोठून, कसा आणला, हे सुताराने कधी विचारले नाही. मग आभाराचा शब्द कोठला?

एका वर्षी पुरात गावाची नाव फुटली. गावाची शेते पैलतीरावर होती आणि वैद्यही तिकडेच राहत असे. नव्या नावेच्या फळ्या तयार झाल्या. फक्त तळाचा कणा राहिला, आणि त्याला ऐनाचेच लाकूड हवे होते. नेमका त्याच सुमारास लाकूडतोड्याचा पाय मोडला.

पाटलांनी सुताराला बजावले, "राखलेल्या रानातून एकच झाड मिळेल. चुकीचं पाडलंस, तर दुसरं मागायला येऊ नकोस."

"लाकूड मला कोण शिकवणार?" असे म्हणून सुतार कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात शिरला आणि गोंधळला. ऐन त्याने जन्मभर तासला होता. उभा ऐन मात्र कधी पाहिलाच नव्हता. येथे ना भुसा होता, ना फळी. सवयीप्रमाणे वास घ्यावा म्हणून त्याने एका खोडाला खाच पाडली. वास आला तो नुसता ओला, हिरवा. दुसऱ्या खोडाला पाडली, तर तीतून लालभडक रस ओघळू लागला. आता अंदाजाने घाव घालावा, की ज्याला आयुष्यभर टोकले त्याच्याच दारी जावे? कुऱ्हाड खाली ठेवणे त्याला फार जड गेले. पण त्याने ती ठेवली.

लाकूडतोड्या खाटेवर पडून होता. "या सुतारदादा! रानातही गाठ सापडली वाटतं?"

"मार टोमणे, हक्क आहे तुझा. पण मला ऐन दाखव."

सुताराने बैलगाडीत गवत अंथरले आणि त्याला रानात नेले. लाकूडतोड्या गाडीतूनच बोटाने दाखवू लागला. "लाल रस आला तो बिबळा. तो असाच रडतो. ओढ्याकाठचा तो पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा अर्जुन. पानं ऐनासारखीच, पण त्याला हात लावू नका. त्यानं काठ धरून ठेवलाय. आणि ही बघा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळी साल. आता पान उलटा. देठापाशी बारीक चामखिळी लागतात हाताला?"

"लागतात रे!"

"हाच तुमचा ऐन. पावसाच्या तोंडावर याला पिवळट फुलांचे तुरे येतात. तेव्हा आलात, तर मला विचारायलाही नको."

"तरी विचारायला येईनच," सुतार हळूच म्हणाला.

त्याने आधी दोन्ही खाचांवर ओली माती लिंपली, मग ऐनाला हात जोडले, आणि त्यानंतरच कुऱ्हाड उचलली.

नाव तयार झाली. पण तिच्याही आधी सुताराने त्याच ऐनाच्या फांदीची एक कुबडी घडवली आणि ती घेऊन तो लाकूडतोड्याकडे गेला. "इतकी वर्षं तू देत राहिलास आणि मी गाठी काढत राहिलो. तुझे फार उपकार आहेत. एवढं घे."

लाकूडतोड्याने कुबडी उलटसुलट निरखली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सुतारदादा, इथं गाठ आहे!"

दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्याच गाठीवर हात टेकून लाकूडतोड्या उठून उभा राहिला.

तात्पर्य एवढेच, की जे आपल्या हाती आयते येते, त्याच्यामागचे झाड आणि माणूस दोघांनाही ओळखावे, आणि आभार मानण्यासाठी त्यांच्या पडण्याची वाट पाहू नये.