उरलेली वात

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी लक्षवातींचा नेम धरला होता. मोजताना सारखी गोंधळायची, आणि दारात कोणी आलं की चिडायची. तेव्हा ही कहाणी ऐकली. तुम्हीही ऐका.

एका राज्यात कुमुद्वती राणी होती. देवीपुढं लाख वाती लावायचा तिचा नेम. स्वतः वळल्या, स्वतः मोजल्या. अखेरच्या मोजत होती, तोच दारात जोगी आला.

"माई, भिक्षा."

"थांबा, आकडा चुकेल."

"माई..."

"थांबा म्हटलं ना!"

तिसऱ्या हाकेला राणीनं मान वर केलीच नाही.

जोगी म्हणजे मांत्रिक कालनेत्र. त्यानं फुंकर घातली. शेजारी बसलेल्या राजकन्या अनुमतीची साळुंकी झाली, आणि राशीतल्या नऊ वाती उडून त्याच्या मुठीत गेल्या.

"मोजायचा एवढा सोस, तर वाटून दाखव. सारखे वाटे, एकही वात उरायची नाही. तीन दिवसांत जमलं नाही, तर साळुंकी माणसांची बोली विसरेल."

असं म्हणून तो उंबऱ्याबाहेर बसून राहिला.

प्रधानानं मोजल्या. नव्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव.

पहिल्या दिवशी राणीनं शिवपार्वतीचं नाव घेऊन दोन-दोनचे जोड लावले. एक उरली. दुसऱ्या दिवशी बेलाची पानं आठवून तीन-तीन मांडल्या. एक उरली. तिसऱ्या दिवशी एकादश रुद्र स्मरून अकरा-अकरा. तरी एक उरलीच!

राणीला काही कळेना. प्रधान पाच, सात, तेरा करून डोकं धरून बसला.

गोदा दासी म्हणाली, "राणीसाहेब, ही वात आमच्या सासूबाईंसारखी. कुणाच्याच पंगतीत बसत नाही."

"मग सगळ्या देवीलाच वाहते."

बाहेरून कालनेत्र म्हणाला, "एकालाच दिलं, तर वाटणी कुठली?"

साळुंकीची जीभ अडखळू लागली होती. "आई... ढीग नको. हा आकडा ढिगांत मोडत नाही. एकेकाला एकेक दे."

दवंडी पिटली. सारं राज्य रांगेला लागलं. राजाला एक, गोदेला एक, तान्ह्या बाळालाही एक. राणीनं आपली घेतली, साळुंकीच्या पायाशी एक ठेवली. ऊन कललं. रांग संपली.

आणि तबकात पुन्हा एक वात.

"आता कोण राहिलं गं?" राणी रडवेली झाली. तिनं वातीकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. तीन दिवसांत पहिल्यांदा ती उठून दाराशी गेली.

"महाराज, मी तुम्हाला ताटकळत ठेवलं. ही तुमची."

मांत्रिकानं हात पुढं केला. "तुझ्या मोजणीत मी असेन असं वाटलं नव्हतं, माई." त्यानं वात घेतली.

तबक रिकामं झालं. साळुंकीच्या जागी अनुमती उभी, हातात आपली वात. कालनेत्रानं मूठ उघडली, नऊ वाती परत केल्या. लाख पुऱ्या भरल्या, आणि सगळ्यांनी मिळून देवीपुढं लावल्या.

बायांनो, नेम धरा, वाती मोजा. पण दारात हाक आली तर आकडा चुकू द्या, आणि आधी उठा. एवढं माझं ऐका.