कोपऱ्यातलं शेवाळ

मालवणच्या किनाऱ्यावर माणसांची वस्तीही नव्हती, तेव्हा तिथल्या समुद्रात एक पोवळं राहत होतं. त्याच्या अंगात सोनेरी शेवाळाचं बिऱ्हाड होतं. ते उन्हावर साखर करी आणि पोवळ्याला पोटभर भरवी. कोपऱ्यात थोडं तपकिरी शेवाळही होतं, पण ते जेमतेम घासभर देई.

"कंजूष मेलं!" पोवळं म्हणे.

एका उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं, की सोनेरी शेवाळाचा घास जहर होऊ लागला. पोवळ्याने रागारागाने ते सगळं बाहेर काढलं आणि त्याच्याबरोबर रंगही गेल्याने स्वतः पांढरंफटक पडलं.

"काय उजळलंस रे!" शेजारची तांबोशी मासळी म्हणाली.

पोवळं चार दिवस मिरवलं. पाचव्या दिवशी भुकेने त्याला तोंडही उघडवेना. तेव्हा कोपऱ्यातून घास आला, नेहमीएवढाच.

"तुला ऊन लागत नाही?" पोवळ्याने विचारलं.

"लागतं. ते सोसायला थोडी साखर मी स्वतःपाशी ठेवतो. म्हणून तर तुला कमी मिळते."

हळूहळू तपकिरी शेवाळ अंगभर पसरलं. पोवळं जगलं, पण वाढ निम्म्यावर आली.

पुढे पाणी निवलं. सोनेरी शेवाळ परत आलं. "जागा आहे का?"

"आहे," पोवळं म्हणालं. "कोपऱ्यात."