सगळ्यांआधी हजर

कोणे एके काळी एका फोटो स्टुडिओत एक मानी फ्लॅश होता. मालक रिमोट दाबायचे, रिमोट कॅमेऱ्याला सांगायचा आणि कॅमेरा फ्लॅशला.

"मध्ये हा कॅमेरा कशाला?" फ्लॅश धुसफुसला. "मी थेट मालकांचंच ऐकणार!"

त्या दिवशी मालकांच्या लेकीची पाठवणी होती. निघण्याआधी एक फोटो काढायला घरचे सगळे स्टुडिओत जमले. मालक स्वतः रिमोट मुठीत लपवून तिच्याशेजारी बसले. बटण दाबताच फ्लॅश लखलखला. कॅमेऱ्याचा डोळा अजून उघडायचा होता. उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, असं समजून सगळे उठले.

लेक गेल्यावर मालकांनी पाहिलं, तर फोटो काळाकुट्ट.

"मालक," फ्लॅश अदबीनं म्हणाला, "तुमच्या हाकेला सगळ्यांत आधी धावलो तो मीच, एवढं मात्र ध्यानात ठेवा!"