कोनराडाचं नाव

पुष्कळ पावसाळ्यांआधीची गोष्ट. वेळशीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, होडी होती. ती चालवायचा कोनराड. दूर जर्मन मुलखातला खलाशी. त्याचं जहाज खडकावर फुटलं, लाटांनी त्याला इथं आणून टाकलं आणि तो इथलाच झाला. सुकट-भाकरी खायचा आणि भरती-ओहोटीवरून गावाशी भांडायचा.

काठावरच्या आवडूची मुलं जगत नसत. सहाव्या दिवशी सटवाई कपाळावर नशीब लिहायला येई आणि पाळणा रिकामा होई. धोंडू झाला, दगडू झाला, केरू झाला. सटवाई फसली नाही. पुन्हा मुलगा झाला तेव्हा सुईण तानूमावशी म्हणाली, "आपली नावं तिला पाठ झालीत गो. या किनाऱ्यावर कुणी ठेवलं नाही असं नाव शोध."

आवडू तान्ह्याला घेऊन होडीपाशी गेली. "कोनराडदादा, तुझं नाव देशील?"

"माझं?" तो हसला. "धीटपणे सल्ला देणारा, असा अर्थ आहे त्याचा. मी सल्ला दिला की तुम्ही उलटंच करता!"

"चेष्टा नको रे दादा."

तेव्हा त्यानं हातातलं वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझ्या आजोबाचं नाव हे. आमच्यात ते नातवाकडे जातं. मला ना बायको ना पोर. माझ्याबरोबरच बुडायचं होतं ते." आणि वाकून त्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं.

असं म्हणतात, की सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला एक म्हातारी होडीत चढली. हातात बोरू, कमरेला दौत. मधल्या धारेत तिनं विचारलं, "कोनराडाचं घर कुठलं रे?"

त्यानं तिला ओळखलं. वल्हं थांबवलं. "घर कशाला शोधतेस? कोनराड मीच." आणि कपाळ पुढे केलं.

आवडू बाळाला छातीशी धरून दारात उभी होती. तिला होडी परत येताना दिसली. वल्ही आपली आपण चालत होती, आत कुणी नव्हतं.

त्या मुलाचं कपाळ कोरंच राहिलं, असं म्हणतात. मरणाला त्याचा पत्ताच लागेना. पतवंडं खेळवून झाल्यावर एके दिवशी तोच होडीत बसून मरणाच्या शोधात निघून गेला.

आता पूल आहे. पण आधीचं मूल गमावलेल्या आईला मुलगा झाला, की वेळशीत बारशापर्यंत त्याला कोनराडच म्हणतात. सहाव्या दिवशी घरचे करवंटीत दिवा लावून खाडीत सोडतात. आई दारातून हाक मारते, "कोनराडा, नातू आला रे तुझा!" मग सगळे वल्ह्याचा आवाज येतो का ते ऐकत उभे राहतात. ज्यांना तो ऐकू येत नाही, तेही तिला आला म्हणूनच सांगतात.