मठातलं नवं सिंक

"मग त्या चौरंगावर मी बसायचं कधी?"

तातोबाबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणत्या?"

"तुमच्या."

विचारणारा विश्वंभर. मठातला सगळ्यात हुशार शिष्य. हे मत मठाचं होतं की त्याचं एकट्याचं, ते सांगणं अवघड आहे. उंचापुरा गडी, आवाज खणखणीत, ओव्या तोंडपाठ. हिरण्यकेशीच्या काठावरच्या त्या लहानशा मठात रोज संध्याकाळी बुवा एका लाकडी चौरंगावर बसून निरूपण करत. आता त्यांचा आवाज खोल जायला लागला होता. मागच्या रांगेला ऐकू येईना. त्यांच्यानंतर चौरंगावर कोण, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडला होता. विश्वंभरला तो पडला नव्हता. त्याला फक्त दिवस कळायला हवा होता.

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला.

"स्वयंपाकघरात ते सिंक पडलंय ना..."

"हो."

"ते बसव. गळलं नाही पाहिजे. मग चौरंगावर तू."

मठात दुपारी येईल त्याला जेवायला मिळे आणि भांडी घासायची ती तानक्का. जमिनीलगतच्या दगडी मोरीत उकिडवं बसून तिचा जन्म गेला होता. आता गुडघे साथ देईनात. भिंत धरून बसायची, भिंत धरून उठायची, आणि मधल्या वेळात जे काही म्हणायची ते देवालाच ऐकू जायचं. घरी बस म्हटलं तर तिला रडू यायचं. तिची दशा बघून एका भक्तानं स्टीलचं सिंक आणून दिलं होतं. ते कोपऱ्यात खोक्यातच पडून होतं.

"त्याला प्लंबर बोलावू की. अर्ध्या दिवसाचं काम."

"बोलाव."

विश्वंभर खूश झाला.

"पण मग चौरंगावरही त्यालाच बसवावं लागेल," बुवा म्हणाले आणि टरफलं गोळा करू लागले.

झालं. विश्वंभर हट्टाला पेटला.

त्यानं आयुष्यात हातात पाना धरला नव्हता. हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि बोट दाखवून दाखवून सामान मागू लागला. दुकानदारानं विचारलं, "बसवणार कोण?"

"मीच."

दुकानदारानं सामान बांधलं. पिशवीत त्यानं आपणहून दोन रबरी वॉशर जास्तीचे टाकले.

पहिल्यांदा पाणी बाहेर जायला वाट हवी होती. भिंत दगडी, हातभर जाड. विश्वंभर छिन्नी-हातोडी घेऊन बसला. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर चिंधी बांधून तो पुन्हा बसला. अखेर पलीकडची केळीची बाग दिसली तेव्हा तो एवढ्यानं ओरडला, की परसातल्या कोंबड्या उधळल्या.

मग त्यानं सिंकसाठी दोन बाजूंना विटांच्या दोन बुटक्या भिंती रचल्या. प्रत्येक थर झाला की उभा राहायचा, हात पुढं करून बघायचा, पुन्हा खाली बसून पुढचा थर लावायचा. कंबर जराही वाकवावी लागेना आणि हात आरामात पोचायला लागले, तेव्हा तो थांबला. भिंतींवर पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. चूक काढायला जागा नव्हती.

तानक्का दाराशी येऊन उभी राहायची. तेवढे दिवस ती बाहेर आंब्याखालच्या नळावर कशीबशी भांडी घासत होती. एकदा ती आत आली, भिंतीला हात लावून म्हणाली, "लेकरा, हितपतूर..."

"अक्का, बाजूला हो. सामान पडलंय. लागेल तुला."

"न्हाई, म्या म्हनत हुतो..."

"नंतर. सगळं झालं की बोलावतो."

ती गेली. तो पाइप कापत होता.

नळ बसवला. नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची असते एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कोणत्या बाजूनं, ते त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचा त्याचा स्वभावच नव्हता. टेप उलटी गुंडाळली गेली. नळ आवळला तशी ती सुटत गेली, आणि पाणी सोडल्याबरोबर त्याला तिथल्या तिथं आंघोळ घडली. ते निस्तरलं तर सिंकच्या बुडातली जाळी गळायला लागली. त्यानं रागानं ती इतकी आवळली, की वॉशरच चिरला. शेवटी खाली एक पातेलं ठेवून तो त्याच्याकडं बघत बसला.

टप्... टप्...

बुवा पाणी प्यायला आले. त्यांनी पातेल्याकडं बघितलं.

"हे कायमचं का?"

"नाही."

"बरं." ते तांब्या भरून घेऊन गेले.

तेव्हा विश्वंभरनं ठरवलं, की मठ सोडावा लागला तरी चालेल, पण हे सिंक गळता कामा नये. दुकानदारानं टाकलेला वॉशर कामाला आला. सगळं सोडवून पुन्हा जोडलं. या वेळी अलगद आवळलं. सिंक काठोकाठ भरलं, खाली जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि दार लावून निघून गेला. सकाळी आला तेव्हा कागद कोरडा ठणठणीत होता. तो तसाच उचलून त्यानं बुवांपुढं धरला.

बुवांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "छान झालं. तानक्काला बोलाव."

तानक्का पदर खोचून आली. नवं चकचकीत सिंक बघून तिनं आधी त्याला नमस्कार केला. मग भाताचं मोठं पातेलं उचललं.

पातेलं सिंकच्या काठापर्यंत जाईना.

तानक्का ठेंगणी. सिंकचा काठ तिच्या छातीशी येत होता. तिनं टाचा उचलल्या, पातेलं कसंबसं आत ढकललं आणि नळ सोडला. घासायला हात वर करावे लागले. पाणी कोपरांवरून उलटं येऊन थेट चोळीच्या बाह्यांत शिरलं. राखेचा लगदा तिच्या हनुवटीला लागला.

ती हसली.

"लई बेस झालंय बघ, लेकरा. माजीच उंची कमी पडली."

विश्वंभरला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. राग काढावा असं समोर कोणी नव्हतं म्हणून तो म्हणाला, "सगळीकडं एवढीच उंची असते."

तानक्का पदरानं हनुवटी पुसू लागली.

बुवा बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चौरंग होता. निरूपणाचा. बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. त्यांनी तो सिंकपुढं ठेवला, हलवून बघितला, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवला.

"चढ, तानक्का."

"अग्गं बया! बुवा, ह्येच्यावर? ह्येला डोकं टेकतोय आमी. पाय कसा दिऊ?"

"अनवाणीच आहेस की. चढ."

"पाप लागंल."

"लागलं तर माझ्या नावावर घाल."

तानक्का आधी चौरंगाच्या पाया पडली. मग भिंत धरून वर चढली. आता हात बरोबर पोचत होते. भांडी झपाझप निघायला लागली. जरा वेळानं ती गुणगुणायलाही लागली. राखेचं पाणी चौरंगावर सांडत होतं.

विश्वंभर ते बघत राहिला.

बुवा त्याच्याकडं वळले. "तुझं काम झालं. थेंब गळत नाही. मी शब्द दिला होता. आज संध्याकाळी चौरंगावर तू बस."

"आज?"

"आजच."

"पण तो तर..." विश्वंभरनं तानक्काच्या पायांकडं बोट केलं.

"हो. घे काढून."

एवढंच म्हणून बुवा अंगणात निघून गेले.

विश्वंभर बराच वेळ उभा होता. चौरंग हाताच्या अंतरावर होता. ज्यासाठी फोड फोडून घेतले तो हाच. तानक्का पाठमोरी होती. कढई घासताना तिचा तोल किंचित गेला, तशी तिनं पायाची बोटं चौरंगाच्या कडेला घट्ट रोवली.

संध्याकाळी बुवा गोणपाटावर बसून बोलले. विश्वंभर खांबाला टेकून ऐकत होता. म्हणजे बसला तरी होता तिथं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हातोडीचा आवाज आला.

त्यानं नळ सोडवला, जाळी सोडवली, सिंक उचलून बाहेर ठेवलं. मग दाराशी जाऊन हाक मारली.

"अक्का, आत ये. इथं उभी राहा."

"काय रं?"

"हात पुढं कर. घासल्यासारखं कर."

"रिकामंच?"

"हं. पातेलं आहे असं समज."

तानक्का हसत हसत हवेत पातेलं घासू लागली. विश्वंभरनं गुडघे टेकले आणि तिच्या कोपराखाली भिंतीवर कोळशानं रेघ ओढली.

"इथं?"

"आनि जरासं खाली. मोठं पातेलं असलं म्हंजी..."

"सांग. सावकाश सांग."

विटांचे थर खाली आले, ते सोपं होतं. पण सिंक खाली आलं की पाइप खाली आला, आणि भिंतीतलं ते भोक आता वर राहिलं. पाणी काही उलटं चढणार नव्हतं. हातभर जाडीच्या त्याच दगडी भिंतीत दुसरं भोक पाडायचं होतं. विश्वंभरनं तळहातावरच्या खपल्यांकडं बघितलं, चिंधी गुंडाळली आणि छिन्नी उचलली. या वेळी पलीकडची केळ दिसली तेव्हा तो ओरडला नाही. आधीचं भोक सिमेंटनं बुजवलं. ते ठिगळ अजून तिथं दिसतं.

चौरंग इतके दिवस स्वयंपाकघरातच कोपऱ्यात होता; बुवांनी तो मागितला नाही. निरूपण गोणपाटावरून चालू होतं, आणि ऐकू येईना म्हणून मागची रांग पुढं सरकून बसायला लागली होती.

मधेच एक पाहुणे मठ बघायला आले. स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "एवढं खाली? शाळेतल्या पोरांसाठी केलंय का?"

"तानक्कासाठी," विश्वंभर म्हणाला आणि पुन्हा टेप गुंडाळायला लागला. सुलटी.

सिंक पुन्हा भरलं. कागद पुन्हा पसरला. कागद पुन्हा कोरडा निघाला. हा कागद त्यानं कुणाला दाखवला नाही, चुलीत घातला.

तानक्का सिंकपुढं उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीवर. पातेलं आत गेलं. हात पोचले. बाह्या कोरड्या राहिल्या. या खेपेला ती हसली नाही. तिनं ओला हात विश्वंभरच्या डोक्यावरून फिरवला.

त्यानं चौरंग घासला, धुतला, उन्हात वाळवला. तिसऱ्या प्रहरी तो बुवांपुढं आणून ठेवला. बुवा शेंगाच सोलत होते.

"मोकळा झाला, बुवा."

"मग बस."

विश्वंभरनं चौरंगाकडं बघितलं. मधोमध गुळगुळीत. कडेला राखेचा एक डाग राहिलाच होता.

"बुवा..."

"हं."

"घासलेली भांडी ठेवायची फळी फार वर आहे. तानक्काचा हात तिथंही पोचत नाही. इतकी वर्षं ती काठीनं वर ढकलत होती... मी आज बघितलं."

बुवांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली.

मग ओंजळभर सोललेले दाणे त्यांनी त्याच्या हातावर ठेवले, गोणपाट झटकून नीट अंथरलं आणि त्यावर बसले.

"चौरंग ने. वरची फळी काढायला चढावं लागेल."