कंसातल्या टाळ्या

एका देशाची संसद होती. देशाचं नाव विचारू नका. मंत्र्यांची भाषणं कुठेही लांबच असतात. सभागृहातला शब्द न् शब्द टिपायचं काम संसदेच्या सचिवालयातल्या एका शाखेचं, आणि त्या शाखेच्या प्रमुख होत्या कुमुदिनी रेगे. सदस्य हसले की कंसात ‘हशा’ लिहायचं, ओरडले की ‘गोंधळ’.

एके दुपारी भुजंगराव धुमाळ नावाचे मंत्री आपल्या भाषणाच्या नोंदीचा कच्चा मसुदा नाचवत शाखेत घुसले.

“रेगेबाई, जिकडेतिकडे नुसता ‘गोंधळ’! एक टाळी नाही? प्रत्येक परिच्छेदाखाली टाळ्या घाला, नाहीतर उद्यापासून अडगळीच्या खोलीत बसाल!”

शाखेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. रेगेबाईंच्या पोटात मात्र हसू उसळत होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.

“टाळ्या पडल्या होत्या, साहेब. अगदी कडकडाट! लिहू की नको, हे तुम्हालाच विचारणार होते.”

“विचारता काय? लिहा!” भुजंगराव फुलले. “कुठल्या वाक्याला पडल्या?”

“‘आता मी समारोप करतो’ या वाक्याला.”

भुजंगरावांचा चेहरा पडला.

“मग तुम्ही पाणी प्यालात आणि आणखी तासभर बोललात. शेवटी म्हणालात, ‘आता खरोखरच समारोप करतो.’”

“तेव्हाही पडल्या असतील की!”

“नाही, साहेब. तेव्हा कुणीच फसलं नाही.”

भुजंगराव तरातरा बाहेर पडले. दार लागलं मात्र, आत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना तो स्पष्ट ऐकू आला. पण या टाळ्या कशाला पडल्या, हे विचारायला काही ते परत आले नाहीत.